आठ बोटांचा घाट

तारकर्लीत चढण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माड. चांगला वाढलेला माड वीस-बावीस मीटर भरतो. बाकी एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तीही देवबागला संगमापाशी संपते. अशा सपाट जागी कुणी एंड्युरो सायकल आणून माडाला टेकवली, तर गावातला पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘कितक्याक पडली?’’ उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्न कुणी विचारणार नाही. पुढे-मागे शॉकअॅब्सॉर्बर असलेली, डोंगरउतारावर दगडधोंड्यांतून सोडायची ही सायकल भारतात चार-पाच लाखांपासून सुरू होते आणि वरच्या पायरीची दहा लाखांपलीकडे जाते. पाच लाखांना सोळा किलोंनी भागलं, तर किलोला ३१,२५० रुपये. श्रावण संपल्यावर सुरमई कितीही चढू दे, या भावाच्या आसपास ती फिरकणार नाही.

मग हे यंत्र तारकर्लीत कशाला आणायचं? तर हिशेब शून्यापासून मांडायचा म्हणून. एंड्युरो सायकल हे उंची खर्च करायचं यंत्र आहे आणि सिंधुदुर्गातली पश्चिमेकडची सगळी उंची शेवटी इथे, या पाण्याच्या रेषेवर येऊन संपते. मोकळ्या जागेत उभं राहून पूर्वेला पाहिलं, तर हवा स्वच्छ असलेल्या दिवशी सह्याद्रीची निळसर भिंत दिसते. त्या भिंतीवर आंबोली. समुद्रसपाटीपासून ६९० मीटर. रस्त्याने इथून सावंतवाडीमार्गे सत्तर-ऐंशी किलोमीटर. आपण पंचाहत्तर धरू.

आता एक माणूस आणि एक सायकल घेऊ. माणूस ७५ किलोंचा, सायकल १६ किलोंची, मिळून ९१. हे ९१ किलो आंबोलीला नेऊन ठेवले, की त्यांच्यात किती ऊर्जा साठते? शाळेत घोकलेलं सूत्र आहे: वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार. उत्तर येतं ६१६ किलोज्यूल. खाण्याच्या भाषेत १४७ किलोकॅलरी. म्हणजे तांदळाची एक भाकरी.

मी हा हिशेब सोलकढीची वाटी बाजूला सारून बिलाच्या मागच्या बाजूला केला, तेव्हा आधी वाटलं शून्य चुकलं. तारकर्ली ते आंबोली एवढा माणूस, एवढी सायकल, अख्खा घाट, आणि किंमत एक भाकरी? पुन्हा केला. भाकरीच. फरक इतकाच की माणसाचे स्नायू खाल्लेल्यातला जेमतेम चौथा हिस्सा पेडलला देतात, उरलेले तीन हिस्से घामावाटे आणि उष्णतेवाटे जातात. तेव्हा चढायला चार भाकऱ्या खाव्या लागतात आणि त्यातली एक उंची बनून अंगात राहते. ती एक भाकरी उतरताना कुठे जाते, एवढीच खरं तर या सायकलीची गोष्ट आहे. सोळा किलोंमधला जवळजवळ प्रत्येक भाग त्या भाकरीचा एखादा तुकडा मोडायला किंवा सांभाळायला बसवलेला आहे.

चढताना काय होतं ते पटकन सांगून टाकतो, कारण एंड्युरोवाल्यांना चढात फारसा रस नसतो. मागच्या चाकावर बारा चकत्यांची कॅसेट असते, सगळ्यात लहान चकती १० दातांची, सगळ्यात मोठी ५२ दातांची, म्हणजे पुरणपोळीच्या तव्याएवढी नसली तरी जेवणाच्या ताटलीएवढी. पुढे ३२ दातांची एकच चकती. सगळ्यात हलक्या गिअरला पेडलचा एक फेरा मारला, की सायकल १.४३ मीटर पुढे जाते. दोन पावलं म्हणा. घाटाचे बारा किलोमीटर धरले तर ८,४०० फेरे. मिनिटाला साठ फेरे मारले तरी दोन तास वीस मिनिटं. शेजारून चालणारा माणूस गप्पा मारत सोबत येऊ शकेल.

उतार मात्र वेगळा. सायकलीला ब्रेकच्या दोन डिस्क असतात, पुढे एक आणि मागे एक. व्यास २०० मिलिमीटर, जाडी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर, वजन प्रत्येकी साधारण २०० ग्रॅम. दोन्ही मिळून ४०० ग्रॅम पोलाद. ६१६ किलोज्यूल उष्णता या पोलादात एकाच वेळी कोंडली आणि थेंबभरही बाहेर जाऊ दिली नाही असं समजा. तापमान ३,००० अंशांनी वाढेल. पोलाद साडेचौदाशे अंशांच्या आसपास वितळतं. बरं, सगळी ऊर्जा काही डिस्ककडे जात नाही. हवा बरीच खाते, टायर खातात. अर्धीच भाकरी डिस्कना दिली असं धरू. तरी दीड हजार अंश. म्हणजे अर्ध्या भाकरीत दोन्ही डिस्कचं पाणी.

हे होत नाही, कारण उतार एका क्षणात उतरत नाही आणि मधल्या वेळात वारा डिस्कवरून उष्णता ओढून नेत असतो. डिस्कला जी भोकं आणि नक्षी असते ती शोभेची नाही. तरीही वळणावळणाचा हिशेब करून बघा. ताशी ४० किलोमीटरवरून वळणाआधी २० वर यायचं, तर सुमारे ४,२०० ज्यूल गिळावे लागतात. ४०० ग्रॅम पोलाद तेवढ्याने २१ अंशांनी तापतं. एक वळण, २१ अंश. दहा वळणं लागोपाठ आली आणि मधे गार व्हायला सवडच मिळाली नाही, तर दोनशे अंशांवर. आणि आपल्याकडे घाट म्हणजे दुसरं काय असतं?

इथे कोकणची हवा मधे येते. काही ब्रेकांत डॉट ४ नावाचं तेल असतं. नवं, कोरडं असताना त्याला २३० अंशांच्या आत उकळायची परवानगी नाही, असं मानक सांगतं. पण हे तेल हवेतला ओलावा पितं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं, की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. दीडशे मिलिलिटर चहात चमचाभर पाणी जास्त पडावं एवढी ती भेसळ, आणि ७५ अंश गायब. तेल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि ब्रेकची दांडी हँडलला जाऊन टेकते. दांडी टेकली, सायकल थांबली नाही, असा तो प्रसंग. पुण्याच्या कोरड्या हवेत वर्ष-दीड वर्ष चालणारं तेल जून ते सप्टेंबर मालवणात घालवलेल्या सायकलीत आधीच बदललेलं बरं. खनिज तेलाचे ब्रेक पाणी पीत नाहीत, पण आत शिरलेलं पाणी त्यांच्यात तसंच खाली बसून राहतं, आणि खालची जागा म्हणजे नेमकी डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरची, सगळ्यात तापणारी.

उताराची ही किंमत माउंटन बाइकच्या जन्मापासूनची आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही पोरांनी जुन्या, जाडजूड, अर्धा मण वजनाच्या सायकलींची एक उतारशर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास अंतर आणि १,३०० फूट उतार. त्या सायकलींना पेडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक मागच्या चाकाच्या मध्यात, हबमध्ये असायचा. एका उतारात हबमधलं ग्रीस धूर होऊन जायचं, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरणं, म्हणजे ‘रीपॅक’. शर्यतीचं नावच ते पडलं. तिथला विक्रम गॅरी फिशरचा, ४ मिनिटं २२ सेकंद. माणूस आणि सायकल मिळून ९५ किलो धरले, तर तेवढ्या वेळात ३६९ किलोज्यूल बाहेर टाकायचे. म्हणजे सरासरी १,४०० वॉट. घरातली विजेची किटली मुठीएवढ्या हबमध्ये कोंबली आणि साडेचार मिनिटं चालू ठेवली, तर ग्रीसचं जे होईल ते झालं.

त्या सायकलींना शॉकअॅब्सॉर्बर नव्हते. १९९० च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनीचा पहिला दबणारा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बाजारात आला, तो दोन इंचही दबत नव्हता. आज एंड्युरो सायकलीचा चिमटा १६०-१७० मिलिमीटर दबतो, मागचं चाकही साधारण तेवढंच वर येतं. आपल्या मापात सांगायचं तर आठ बोटं आणि वर थोडं. वीतही नाही. या आठ बोटांसाठी एवढा खर्च कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याला गडग्याचं उदाहरण देतो.

कोकणात आवाराला जांभ्या चिऱ्यांचा गडगा असतो. एक मीटर उंचीच्या गडग्यावरून सायकलीसकट सपाट जमिनीवर उडी मारली समजा. जमिनीला टेकताना वेग ताशी १६ किलोमीटर असतो, बाजारातून घरी येताना आपण चालवतो तेवढाच. प्रश्न वेगाचा नसतो, तो किती अंतरात शून्यावर आणायचा याचा असतो. शॉक नसेल, पाय ताठ असतील, तर फक्त टायर दबतो, फार तर चार सेंटिमीटर. तेवढ्या अंतरात थांबायचं तर सरासरी बल स्वतःच्या वजनाच्या २६ पट. ९१ किलोंचे दोन टन ३६६ किलो. आठ बोटांचा शॉक लावला, की २६ पटींचे सव्वासात पट, म्हणजे ६६० किलो. आणि गुडघे सैल सोडून अंग आणखी चाळीस सेंटिमीटर खाली येऊ दिलं, तर पावणेतीन पट, अडीचशे किलो. ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात बलाचा कळस सरासरीपेक्षा बराच वर जातो. पण प्रमाण कळतं. लाखो रुपयांच्या शॉकने २६ चे सात केले, फुकटच्या गुडघ्यांनी सातचे तीन. गुडघे ताठ ठेवून महाग सायकल चालवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

मागच्या शॉकची अवस्था आणखी बिकट. चाक १६० मिलिमीटर वर येतं तेव्हा शॉकचा दांडा फक्त ६५ मिलिमीटर आत जातो. साडेतीन बोटं. अंतर अडीचपट कमी झालं म्हणजे बल अडीचपट वाढलं. चाकावर तीनशे किलोंचा धक्का आला, तर शॉकवर साडेसातशे किलोंचा. त्याला तोंड द्यायला शॉकच्या नळकांड्यात हवा भरतात, आणि ती स्वाराच्या वजनाप्रमाणे दोनशे पीएसआयच्या आसपास असते. मोटारीच्या टायरात बत्तीस असते. सायकलीच्या स्वतःच्या टायरात मात्र अवघी चोवीस.

हवा स्प्रिंगचं काम करते, पण स्प्रिंग काहीच खर्च करत नाही. जेवढं घेतलं तेवढं परत फेकते. भाकरीचा तुकडा मोडायचं काम तेलाचं. शॉकच्या आत तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि त्या भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत असते. एकेक चकती ०.१, ०.१५, ०.२ मिलिमीटर जाडीची. माणसाचा केस ०.०७ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सगळ्यात पातळ चकती दीड केसाच्या जाडीची. धक्का हळू आला तर चकत्या जेमतेम वाकतात, जोरात आला तर जास्त वाकतात आणि तेलाला वाट देतात. पन्नास हजारांच्या चिमट्याचा स्वभाव मऊ की ताठ, हे या चळतीत एक चकती कमी-जास्त करून ठरतं. कुकरच्या शिट्टीचं वजन बदलल्यासारखं आहे ते, फक्त शिट्टी सेकंदाला अनेकदा उठते-बसते.

किती वेळा? दगडाळ उतारावर सेकंदाला तीन धक्के धरू, हे कमीच आहे. प्रत्येक धक्क्याला चिमटा सरासरी ६० मिलिमीटर दबून परत वर येतो असं धरू. दहा मिनिटांच्या एका टप्प्यात १,८०० धक्के, आणि चिमट्याने आपल्या आपल्यात केलेला खाली-वर प्रवास २१६ मीटर. कुतुबमिनार ७३ मीटरचा. आठ बोटांच्या जागेत तीन कुतुबमिनार. अशा तीनचार टप्प्यांत चिमट्याने आंबोलीची उंची स्वतःच्या पोटात उतरून टाकलेली असते, सायकल डोंगर उतरते ती वेगळी. म्हणूनच रॉकशॉक्स आपल्या चिमट्याचे खालचे पाय दर ५० तासांनी उघडून साफ करायला सांगते. पन्नास तास म्हणजे दोन दिवस आणि दोन तास. आपण स्कूटर तीन हजार किलोमीटरला नेतो, तीही आठवण झाली तर.

चाकांनी भाकरीतलं फारसं काही खाल्लं नाही, पण त्यांचा आकडा मला सगळ्यात जास्त चक्रावून गेला. एका चाकाला ३२ तारा. प्रत्येक तार दोन मिलिमीटरची, छत्रीच्या काडीपेक्षा बारीक. चाक सरळ करणारा कारागीर प्रत्येक तारेला साधारण ११० किलोंचा ताण देतो. ३२ गुणिले ११० म्हणजे ३,५२० किलो. दोडामार्ग तालुक्यात २००२ साली कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून सिंधुदुर्गाला हत्ती नवा राहिलेला नाही. मोठ्या वाढलेल्या हत्तीचं वजन एवढंच भरतं. म्हणजे सायकल माडाला टेकवून ठेवलेली आहे, कुणी बसलेलं नाही, आणि तिच्या दोन चाकांत दोन हत्ती ताणून बांधलेले आहेत. तारा तुटत नाहीत, कारण सगळ्या एकमेकींविरुद्ध ओढतात, बाहेर कुणाला काही कळत नाही. एकत्र कुटुंबासारखं.

गंमत अशी की सायकलीवर माणूस बसला की तारांवरचा ताण वाढत नाही, जमिनीकडच्या तारांचा कमी होतो. चाक फिरताना प्रत्येक तार एका फेऱ्यात एकदा सैल होते आणि पुन्हा ताठ होते. २९ इंची चाकाचा घेर २.३३ मीटर. आंबोली ते तारकर्ली ७५ किलोमीटरमध्ये चाक ३२,००० वेळा फिरतं. दोन चाकांच्या ६४ तारा. तेवढ्या प्रवासात तारांनी मिळून वीस लाखांहून जास्त वेळा श्वास घेतला.

जमिनीशी संबंध मात्र नावापुरता. टायरात चोवीस पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला १.७ किलो. एका चाकावर ४५ किलो आले, तर जमिनीला टेकलेला भाग २७ चौरस सेंटिमीटर. दोन्ही चाकं मिळून खेळायचा एक पत्ता. वळणात सायकल झोपवली आहे, वेग चाळीस आहे, खाली ओला जांभा आहे, आणि सगळा भरवसा एका पत्त्यावर.

भाकरीचे काही चुरे आवाजात जातात. इंडस्ट्री नाइन या अमेरिकी कंपनीचा हायड्रा नावाचा मागचा हब आहे. त्याच्या आत ११५ दात आणि सहा खिट्ट्या आहेत, त्या एकाच वेळी न बसता पाळीपाळीने बसतात. एका फेऱ्यात ६९० खटके. होय, आंबोलीच्या मीटरएवढेच, हा निव्वळ योगायोग. दर अर्ध्या अंशाला एक खटका, जमिनीवर मोजलं तर दर ३.४ मिलिमीटरला. पेडल न मारता किलोमीटरभर सायकल घसरली की तीन लाख खटके. ताशी तीसच्या वेगाला सेकंदाला अडीच हजार. तेवढ्या खटक्यांचे सुटे आवाज कानाला ऐकू येत नाहीत, एक सलग तीक्ष्ण किर्र ऐकू येते. रातकिडे आणि हा हब एकाच रात्री घाटात सोडले, तर कोण कुठला ते सांगणं कठीण.

एंड्युरो ही शर्यतही याच हिशेबावर उभी आहे. डोंगर चढून जायचा, पण चढाची वेळ निकालात धरत नाहीत, ठरलेल्या मुदतीत वर पोचलात म्हणजे झालं. घड्याळ फक्त उताराच्या टप्प्यांना लागतं. भाकरी कमवायला किती वेळ घेतला ते कुणी विचारत नाही, उधळायला किती कमी घेतला ते बघतात. संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय विजेती ठरली तो क्रॉसकंट्रीचा प्रकार. तिथे चढही घड्याळात मोजला जातो, सायकल हलकी लागते, शॉक लहान असतो. २०२३ च्या ऑक्टोबरात आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळातल्या पोनमुडीला झाली. म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला.

आणि एंड्युरोचं समुद्राशी वाकडं नाही, उलट सोयरीकच आहे. एंड्युरो वर्ल्ड सीरिजची पहिलीवहिली शर्यत मे २०१३ मध्ये इटलीत पुंता आला इथे झाली. पुंता आला म्हणजे तस्कनीच्या किनाऱ्यावरचं सुट्टीचं गाव. वाळू, नौका, हॉटेलं आणि लगेच मागे झाडीच्या टेकड्या. ती शर्यत फ्रान्सच्या फाबियाँ बारेलने जिंकली. त्याच देशात फिनाले लिगुरे नावाचं आणखी एक किनाऱ्यावरचं गाव या खेळाची पंढरी मानलं जातं. टेकडीवरून सुटायचं आणि समुद्राशी येऊन पाय धुवायचे. याच्या दुसऱ्या टोकाला फ्रेंच आल्प्समधली मेगाव्हॅलांश ही शर्यत आहे, १९९५ पासून. शेकडो स्वार ३,३३० मीटरवरच्या हिमनदीवरून एकदम सुटतात आणि ७२० मीटरच्या आसपास खाली येतात. एका दमात जवळपास पावणेचार आंबोल्या.

निव्वळ वेगाचं वेड असेल तर मात्र एंड्युरो सोडावं. फ्रान्सचा एरिक बारोन मार्च २०१७ मध्ये व्हार्सच्या बर्फावरून सायकलीने ताशी २२७.७२ किलोमीटरने उतरला. वय ५६. कोकण रेल्वेवरून धावते ती वंदे भारत गाडीही चाचणीत १८० च्या घरात होती. याच बारोनची सायकल २००२ साली निकाराग्वातल्या सेरो नेग्रो ज्वालामुखीच्या उतारावर १७२ च्या वेगात मोडली होती. तरी तो पुन्हा आलाच. अशा माणसांना घरी काय म्हणत असतील, हा आकडा कुठे छापलेला नाही.

पुंता आलासारखी टेकडी तारकर्लीमागे नाही, पण सरळ रेषेत पाहिलं तर आंबोलीपासून अरबी समुद्र अवघा चाळीस किलोमीटर. ६९० मीटर उंची चाळीस किलोमीटरवर. मग इथे का नाही? एक तर आंबोलीचं जंगल राखीव आहे, परवानगीशिवाय पायवाट सायकलीखाली घालता येत नाही. दुसरं कारण मला जास्त पटतं. आंबोलीच्या जांभ्या सड्यावर पावसाळ्यात जी लहान डबकी साठतात त्यांत एक बेडूक अंडी घालतो. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात टायगरिना. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि तो जगातल्या अतिधोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. वर्षाला साडेसात हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात त्याचा सगळा संसार काही बोटं खोलीच्या डबक्यात. त्या डबक्यावरून खेळायच्या पत्त्याएवढी जागा आणि ९१ किलो एकदा गेले, की पुरे. आपण डांबरी घाटानेच खाली येऊ.

खाली येऊन तारकर्लीच्या वाळूत शिरलं की मात्र सगळी शान उतरते. माणसाच्या एका तळव्याखाली साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर जागा असते, चालताना दाब चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. टायरचा १.७. तीनपटीहून जास्त. अनवाणी पोरगं सायकलीच्या पुढे पळून जाईल. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, तिथे सायकल सरसर जाते, आणि तिथेच ती मरते.

कारण साखळी. १२६ दुवे, दुवा १२.७ मिलिमीटरचा, एकूण लांबी १६०० मिलिमीटर. बारा गिअरची साखळी अर्धा टक्का लांबली की बाद, नाहीतर ती ताटलीएवढी महागडी कॅसेटही खाते. अर्धा टक्का म्हणजे पूर्ण साखळीत आठ मिलिमीटर. एका दुव्यात ०.०६३५ मिलिमीटर. पिन आणि तिच्याभोवतीचं पोलाद मिळून एवढे झिजले, की आयुष्य संपलं. आता भूगर्भशास्त्रज्ञ वाळू कशाला म्हणतात? त्यांच्या मोजपट्टीत सोळावा हिस्सा मिलिमीटर, म्हणजे ०.०६२५ पासून पुढच्या कणाला वाळू म्हणतात. त्याहून बारीक तो गाळ. साखळीच्या दुव्याचं अख्खं आयुष्य वाळूच्या सगळ्यात लहान कणाएवढं आहे. तारकर्लीच्या किनाऱ्यावरचा एकेक कण त्या आयुष्याच्या कित्येक पट मोठा, आणि त्यातला गारगोटीचा कण पोलादाहून कठीण. वर लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ असलेलं पाणी.

मिठाचा राग फ्रेमच्या बेअरिंगवर जास्त निघतो. मागचं चाक वर-खाली होण्यासाठी फ्रेमला जोडांवर आठ-दहा बेअरिंग असतात, पण ती कधी पूर्ण फिरत नाहीत. वीस-तीस अंश पुढे, तेवढेच मागे, जन्मभर. छर्रे त्याच त्या जागेवर घासत राहतात, ग्रीस बाजूला सरून जातं, आणि मिठाचा थेंब नेमका त्या जागी बसतो. म्हणून किनाऱ्यावरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवायची, जोराच्या फवाऱ्याने नव्हे, मग कोरडी पुसायची आणि साखळीला तेल द्यायचं. दहा लाखांच्या सायकलीला विहिरीचं एक घागरभर पाणी सगळ्यात स्वस्त सुटा भाग ठरतो.

सायकल धुवायच्या निमित्ताने पाण्याचा एक हिशेब राहिला, तो सांगून टाकतो. आंबोलीला पडलेल्या पावसाचे दोन रस्ते आहेत. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब धबधब्यांतून खाली येऊन अरबी समुद्राला मिळतो. किलोमीटरला सरासरी सतरा मीटर उतार. तो थेंब ६९० मीटर खाली आला आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन त्याच्यातच राहिली, तरी १.६ अंशांनीच कोमट होईल. त्याला ना डिस्क लागते ना तेल. कड्याच्या पूर्वेला पडलेला थेंब हिरण्यकेशीत जातो. हिरण्यकेशी आंबोलीतच एका गुहेपाशी उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून आजरा, गडहिंग्लज, पुढे घटप्रभा, मग कृष्णा, श्रीशैलम, नागार्जुनसागर असं करत बंगालच्या उपसागराला जाते. हजाराहून जास्त किलोमीटर. तीच ६९० मीटर उंची, किलोमीटरला सत्तर सेंटिमीटरहून कमी या दराने.

समजा पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी सहा वाजता आंबोलीहून सायकल सोडली. त्याच क्षणी हिरण्यकेशीत एक पान टाकलं. सायकल घाट उतरून, सावंतवाडीत वडा-चहा घेऊन, दहाच्या सुमाराला तारकर्लीच्या वाळूत रुतली. डिस्क केव्हाच गार झाल्या आहेत, भाकरी संपलेली आहे. पाणी सेकंदाला एक मीटरने चाललं असं धरलं, तर पान चौदा किलोमीटर गेलं असेल, आणि आजरा अजून लांब आहे.